आचार्यांविषयी कोणी काय वाचावं

नारायण पेठेतलं आमचं वाचनालय हलणार असल्याचा फोन आला, तेव्हा मला सगळ्यात आधी जिन्यातला वास आठवला. आठवी-नववी पायरी चढली की तो यायचा. जुना कागद, डांबरगोळ्या, खालच्या दुकानातल्या कोऱ्या वह्या आणि ग्रंथपाल निमकरबाईंच्या टेबलावरचा डिंक, असा सगळा मिळून एक वास. पुस्तकं आता कर्वेनगरच्या पुढे एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर जाणार होती. तिथे जिनाच नाही. कार्यवाह तरुण आहेत, बोलायला फार नम्र. म्हणाले, जुन्या लोकांपैकी कोणाला आठवण म्हणून काही न्यायचं असेल तर येऊन जा, उरलेलं रद्दीत जाईल. रद्दी हा शब्द त्यांनी अगदी सहज वापरला. त्यांना काय माहीत असणार.

मी गेले. कपाटं रिकामी झाली होती आणि भिंतींवर कपाटांच्या आकाराचे फिकट चौकोन उरले होते. बाईंच्या हातची पाटी मात्र अजून खिळ्याला होती : ‘पुस्तकाचे कान दुमडणाऱ्यांनी आधी स्वतःचे दुमडून पाहावेत.’ कार्डांचे लाकडी खण जमिनीवर रांगेने मांडलेले होते. त्यातल्या एका खणाच्या तळाशी मला चार पानं सापडली, गंजलेल्या टाचणीने एकत्र टाचलेली. सायक्लोस्टाइल केलेली, जांभळट शाईची, कडा तपकिरी झालेल्या. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आचार्यांविषयी कोणी काय वाचावं’. त्याखाली दोन नावं. पहिलं मेधाचं, दुसरं माझं.

अकारविल्हे लावली असती तर माझं नाव आधी आलं असतं. पंचवीसहून जास्त वर्षांनी ती पानं हातात घेतल्यावर मनात आलेला पहिला विचार हा होता, आणि त्याची मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. स्टुलावर बसले आणि वाचायला लागले.

त्या वर्षांत पुणं कॉम्प्युटर शिकत होतं. लक्ष्मी रोडवर टायपिंग आणि शॉर्टहँडच्या पाट्या उतरत होत्या आणि त्याच खिळ्यांना कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. कोणाचा भाचा बंगलोरला, कोणाचा मुलगा व्हिसाच्या रांगेत. एसटीडी बूथच्या काचेआड बायका घड्याळाकडे बघत भराभर बोलायच्या आणि बाहेर येऊन डोळे पुसायच्या. वाचनालयाचे सभासद कमी होत चालले होते. तेव्हा समितीतले एक निवृत्त इंजिनियर म्हणाले की आपल्या पोरांना अमेरिकेतल्या कंपन्यांची नावं पाठ आहेत, पण आपल्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी आठ-नऊशे वर्षांपूर्वी बसून शून्याचा आणि अनंताचा विचार करणारा गणिती माहीत नाही. त्याच्यावर एक प्रदर्शन भरवू. प्रदर्शनाबरोबर एक यादी देऊ. नुसती पुस्तकांची नावं नकोत. लहान मुलांनी काय वाचावं, शाळेतल्या शिक्षकांनी काय, कॉलेजच्या मुलांनी काय, जेवणानंतर आरामखुर्चीत गोडीने वाचणाऱ्यांनी काय आणि अभ्यासकांनी काय, असे वेगवेगळे भाग करू.

वाचनालयात सगळे त्या गणित्याला नुसतं ‘आचार्य’ म्हणायचे. जणू ते वरच्या मजल्यावर राहत होते आणि वर्गणी थकवत होते.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, गणित घेऊन. दुपारी वाचनालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावण्याचं काम करायचे. खडकीहून सायकलने यायचे. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. तिथलं सगळं भोंग्यावर चालायचं. आईची कणीक भोंग्यावर, माझी आंघोळ भोंग्यावर. बाबांना शाळा नववीत सोडावी लागली होती, पण पुस्तक हातात घ्यायच्या आधी ते हात धुवायचे आणि टॉवेलला पुसून नीट कोरडे करायचे. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की तिथेच सतरंजीवर वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायला बसायचे.

मेधा माझ्याच वर्गात होती. शनिवार पेठेत राहायची. तिचे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे आणि ती मोपेडवरून यायची. ओढणी उडत, केस सुटलेले, पायात कोल्हापुरी, सबमिशनची वही घरी विसरलेली. ती कायम काहीतरी विसरायची आणि कोणीतरी कायम तिला ते आणून द्यायचं. फळ्यावरचं गणित बघून दोन मिनिटं गप्प बसायची आणि मग उत्तर सांगायची. मी तेच उत्तर रात्रभर बसून काढलेलं असायचं, चार पानांत, स्वच्छ अक्षरात. सर म्हणायचे, दोघींचंही बरोबर. मला ते ‘दोघींचंही’ सहन व्हायचं नाही.

ती वाईट असती तर किती बरं झालं असतं. ती वाईट नव्हती. डबा उघडला की आधी माझ्यापुढे करायची. माझ्या सायकलची चेन पडली की स्वतः बसून लावायची आणि काळे हात माझ्याच रुमालाला पुसायची. हेव्याला धरायला काहीतरी टोक लागतं, ते ती देतच नव्हती. त्यामुळे माझा हेवा तिच्या वस्तूंवर पसरत गेला. मोपेडच्या पेट्रोलचा वास, ओढणीला येणारा वाळ्याचा वास, बाईंशी बोलताना तिच्या तोंडी सहज येणारं ‘अहो, आपण पाहिलंत का’. मी बाईंशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवायचे. ती बोलून मोकळी व्हायची.

निमकरबाईंनी यादीचं काम आम्हा दोघींना दिलं. बाई शब्द जपून वापरत. म्हणाल्या, “नियम एकच. जे पुस्तक या कपाटातून काढून वाचकाच्या हातात देता येत नाही, ते सुचवायचं नाही. ऐकीव शहाणपण बाहेर पुष्कळ मिळतं.” मग भाग वाटून दिले. मेधाला संस्कृत येत होतं, म्हणून अभ्यासक आणि कॉलेजची मुलं तिच्याकडे. लहान मुलं, शिक्षक आणि आरामखुर्ची माझ्याकडे. वाटणी रास्त होती. मी जिन्यात जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

पण काम सुरू झालं आणि मला त्याची गोडी लागली, हेही खरं. दुपारच्या उन्हात काचेच्या कपाटांवर धूळ सोन्यासारखी दिसायची. एकेक पुस्तक काढायचं, पुसायचं, खिडकीत बसून वाचायचं आणि त्याच्याखाली दोन ओळी लिहायच्या. माझ्या ओळी आता वाचून मलाच हसू आलं. ‘सातवीच्या पुढच्यांनी. उदाहरणे सोपी, चित्रे वाईट.’ ‘आचार्यांच्या डोक्यावर मुकुट दाखवला आहे, तो मुलांना खोटा म्हणून सांगावा.’ ‘शिक्षकांनी पहिली तीन प्रकरणे वाचावीत. उरलेल्यात लेखक स्वतःच दमला आहे.’ भुंगे, मोर, हत्ती, फुटलेल्या माळेचे मोती, असं सगळं गणितात आणणारा हा माणूस मला आवडायला लागला होता. हिशोब करताना त्याला बाहेरचं जग दिसत होतं.

एकदा मेधाच्या घरी गेले. तिच्याकडे नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्याची वेगळी खोली होती. तिथे चपला चालत नव्हत्या, दार उघडं ठेवणं चालत नव्हतं. कॉम्प्युटरवर भरतकामाचं झाकण होतं. तिच्या वडिलांनी आम्हाला आचार्यांचा एक श्लोक म्हणून दाखवला. आवाज खोलीत घुमला आणि गणित गाण्यासारखं पुढे सरकत गेलं. मी पहिल्यांदाच असं ऐकत होते. माझ्या अंगावर काटा आला. मग त्यांनी मला विचारलं, “तुम्हाला शाळेत संस्कृत होतं ना?” मी म्हटलं, नव्हतं. “हरकत नाही,” ते म्हणाले, अगदी मायेने. ते ‘हरकत नाही’ मी खडकीपर्यंत सायकलच्या कॅरियरला बांधून नेलं.

आमचं पहिलं भांडण एका गोष्टीवरून झालं. आचार्यांच्या मुलीची गोष्ट प्रसिद्ध आहे. लग्नाचा मुहूर्त गाठायला ठेवलेलं पाण्याचं घड्याळ, त्यात पडलेला मोती, चुकलेला मुहूर्त, आणि मग वडिलांनी मुलीला दिलेलं गणित. लहान मुलांच्या तिन्ही पुस्तकांत ती होती आणि मला फार आवडायची. मेधा म्हणाली की ही गोष्ट आचार्यांच्या पोथीत कुठेच नाही. शेकडो वर्षांनी दुसऱ्या भाषेतल्या कोणीतरी लिहिली. मी म्हटलं, मुलांना काय त्याचं. ती म्हणाली, “मुलांना म्हणून खोटं चालतं, असं का वाटतं तुला?” शेवटी मी लिहिलं : ‘ही दंतकथा आहे, असे सांगून मग वाचून दाखवावी. गोडी कमी होत नाही.’ ती ओळ अजून आहे. यादीतली सगळ्यात चांगली ओळ तीच आहे आणि ती तिच्यामुळे आहे. हे आज लिहितानाही पेन जड होतं.

पुस्तकं मुलांना खरंच वाचता येतात का, हे पाहायला मी दर रविवारी दोन-तीन विहारात घेऊन जायचे. ती जागा माझी होती. सतरंजीचा खरखरीतपणा, उदबत्ती, खिडकीबाहेरचा कडुनिंब, मुलांच्या केसांतलं खोबरेल. तिथे मी ताई होते. तिथे मला वाक्य मनात जुळवावं लागायचं नाही. मेधाने विचारलं, मीही येऊ का? नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

ती आली. चपला काढून मागे बसली. मी एक पुस्तक वाचून दाखवत होते, भुंग्यांचं आणि कमळांचं. मुलं चुळबुळत होती, कारण कमळ कोणी पाहिलेलं नव्हतं. एवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला, रविवारच्या पाळीचा. मेधा हसली आणि म्हणाली, ऐका. भोंगा झाला. निम्मे कामगार फाटकातून बाहेर पडले. एक तृतीयांश सायकल स्टँडवर गेले. उरलेले दहा जण टपरीवर चहा पीत बसले. पाळीवर एकूण माणसं किती?

मुलं उसळली. माझे बाबा चहा घेतात, माझे स्टँडवर, असं म्हणत सगळी तिच्याभोवती गोळा झाली. एकीने साठ म्हणून उत्तर दिलं आणि लगेच स्वतःच नवीन गणित घातलं, पाण्याच्या टँकरचं. मी हातातलं पुस्तक मिटलं. त्या भोंग्यावर मी जन्मापासून उठत होते. मला ते गणित कधी सुचलं नव्हतं. आचार्यांनी जे केलं ते नेमकं हेच, आणि पेठेतल्या मुलीने ते माझ्या अंगणात येऊन करून दाखवलं.

बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ते मेधाला म्हणाले, “बेटा, तू शिकवायला जन्मलीस.” मग तिला घरी जेवायला नेलं. आईने तिच्यासाठी अंड्याचा रस्सा केला. ती दोनदा मागून जेवली, बाबांनी तिला आपली गणितांची वही दाखवली. ती वही मला माहीत होती, पण मी कधी मागितली नव्हती. ती मेधाने मागितली.

त्याच आठवड्यात मेधाला एक लाल बांधणीचं पुस्तक सापडलं. सर्वांत वरच्या फळीवर, मागच्या रांगेत. पहिली पानं गेलेली, त्यामुळे लेखकाचं नावही गेलेलं. कोणा जुन्या शाळामास्तरांनी आचार्यांचा एकेक श्लोक घेऊन त्याखाली साध्या मराठीत अर्थ आणि मग पाटीवर करावं तसं गणित सोडवून दाखवलं होतं. समासात पेन्सिलीने टिपणं होती. मेधा दिवसभर ते सोडेना. म्हणाली, हे एकच पुस्तक पाचही भागांत घालता येईल, संस्कृत न येणाऱ्याला तर याच्यासारखं दुसरं काही नाही. माझ्याकडे बघून ती आनंदाने म्हणाली, “तुला हे फार आवडेल, बघ.” तिने ते माझ्यासाठीच म्हटलं होतं. मला ऐकू आलं ते ‘हरकत नाही’.

ती त्या संध्याकाळी पुस्तक टेबलावर ठेवून गेली. पुस्तकं जागेवर लावायचं काम माझं होतं. मी ते नेलं आणि दिवाळी अंकांच्या जुन्या बांधीव गठ्ठ्यांमागे सरकवून दिलं. त्या कपाटाकडे कोणी फिरकत नसे. वाचनालयात पुस्तक चुकीच्या जागी गेलं की ते नाहीसं होतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी फक्त काही दिवसांसाठी ठेवलं होतं. यादी छापून होईपर्यंत.

मेधाने कपाटं पालथी घातली. शिडीवर चढून, धुळीने शिंका देत, दुपारच्या दुपारी. मीही तिच्याबरोबर शोधलं. शिडी धरली. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, ती शिडी मी धरली होती. शेवटी स्टेन्सिल कापायचा दिवस आला. बाईंचा नियम होता, हातात देता येत नाही ते सुचवायचं नाही. मेधाने पुस्तकाची नोंद असलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, जाऊ दे.

प्रदर्शन चांगलं झालं. शाळेच्या मुलांच्या रांगा जिन्यावर आल्या, यादीच्या प्रती पुरल्या नाहीत. कोणीतरी आमच्या दोघींचा फोटो काढला. त्यानंतरच्या सोमवारी मी पुस्तक परत जागेवर ठेवायला गेले, तर ते कपाटच तिथे नव्हतं. समितीने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं होतं आणि त्याच्या टेबलासाठी जागा हवी होती. दिवाळी अंकांचे गठ्ठे शनिवारीच रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढले होते. मी खाली धावले. अप्पा बळवंत चौकापर्यंत, तिथून जोगेश्वरीच्या बोळांतून, दिसेल त्या रद्दीच्या दुकानात विचारत फिरले. लाल बांधणी, पहिली पानं नाहीत. एक दुकानदार म्हणाला, “ताई, पानं नसलेलंच हवं असेल तर ढीग आहे, शोधा.” मी शोधलं. दोन दिवस शोधलं.

बाईंनी वार्षिक तपासणीत रजिस्टरमध्ये त्या क्रमांकापुढे ‘गहाळ’ लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात ‘ग्रंथपालाचे दुर्लक्ष’ असं लिहून स्वतःची सही केली. त्यांच्या सगळ्या नोकरीतलं ते एकमेव गहाळ पुस्तक होतं. सही करताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला आजही सांगता येत नाही, त्यांना माहीत होतं की नाही. मी खिडकी लावून घेतली. वारा नव्हता.

मग मेधा गेली. कॉलेजात कंपनीची माणसं आली, तिला घेऊन गेली. आधी बंगलोर, मग अमेरिका. मी एम्एस्सी केलं, बी.एड. केलं आणि खडकीतल्याच एका शाळेत गणित शिकवायला लागले. हिंजवडीला काचेच्या इमारती उठल्या, सकाळी कंपन्यांच्या बस माझ्या शाळेवरून जायला लागल्या, आणि खिडकीत डोकं टेकून झोपलेल्या पोरांत मला माझे विद्यार्थी दिसायचे. मला आनंद व्हायचा, आणि पाठोपाठ ते दुसरंही व्हायचं. मेधाची पत्रं सुरुवातीला यायची, बर्फाच्या फोटोंसकट. मी उत्तर द्यायला उशीर करत गेले. आणि मग उत्तर देण्याइतकं काही उरलं नाही. बाबा अधूनमधून विचारायचे, मेधा कशी आहे? मी म्हणायचे, असेल मजेत. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. ते गेल्याला आता दोन वर्षं होतील.

एवढं सगळं त्या चार पानांवर बसलेलं होतं. मी ती वाचून संपवली तेव्हा कार्यवाह येऊन म्हणाले की मेधाताई खाली आल्यात, त्यांनाही बोलावलं होतं. मला जिना उतरून पळता आलं नसतं, कारण जिना एकच होता.

ती वर आली, धापा टाकत. केस निम्मे पांढरे, रंगवलेले नाहीत. तिने ते रंगवलेले नाहीत याचाही मला हेवा वाटला. आई-वडिलांसाठी वर्षभरापूर्वी कायमची परत आली, असं म्हणाली. आम्ही रिकाम्या कपाटांच्या मधोमध दोन स्टुलांवर बसलो. कार्यवाहांनी चहा मागवला. ती यादी बघून ती मनापासून हसली. माझी मुकुटाची ओळ मोठ्याने वाचली. आणि मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. दिवाळी अंकांमागची जागा, शिडी, रद्दी, बाईंची सही. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, कपातल्या चहावरची साय बघत राहिले.

तिने आपला कप फरशीवर ठेवला. मग म्हणाली, “कुठलं लाल पुस्तक गं?”

मला वाटलं, ती मला सोडवण्यासाठी तसं म्हणते आहे. पण नाही. तिने कपाळाला आठ्या घालून खरंच आठवून पाहिलं. शिंका आठवल्या, शिडी आठवली, पुस्तक नाही. जे मी इतकी वर्षं छातीवर घेऊन झोपले ते तिच्याकडे नव्हतंच. बाईंचं ऐकून मात्र तिचा चेहरा उतरला. “बाईंना सांगायला हवं होतंस,” ती म्हणाली. बाई गेल्याला दहा वर्षं होऊन गेली होती.

खाली टेम्पोत खोके चढवल्याचे आवाज येत होते. मेधाने पर्समधून एक जाड पाकीट काढलं आणि थोडा वेळ मांडीवर धरून ठेवलं. म्हणाली, तुला भेटून द्यायचं होतं, धीर होत नव्हता. “काका मला पत्रं लिहायचे. दर वर्षी एक तरी. एक गणित घालायचे आणि खाली विचारायचे, आता पोरांना काय वाचायला देऊ? मी उत्तर पाठवायचे, कारखान्याच्या पत्त्यावर, ते निवृत्त झाल्यावर विहाराच्या.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

तिने नजर खाली घातली. “त्यांनीच पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तिला सांगू नकोस, तिला लागतं.”

बाबांना माहीत होतं. दारात उभे राहून ते मेधाकडे बघत होते तेव्हा माझ्याकडेही बघत होते. आणि त्यांनी ते मला एकदाही कळू दिलं नाही. मेधाचं नाव घेणं सोडलं ते विसरले म्हणून नव्हे.

मी पाकीट उघडलं. आंतरदेशीय पत्रं, मग पुढे पुढे एअरमेलची पातळ निळी. ते टपोरं, थांबत थांबत काढलेलं अक्षर, प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय मेधा बेटास’. मधूनच माझं नाव दिसत होतं. आज तिने नववीच्या वर्गाला अमुक शिकवले. तिच्या शाळेतली दोन पोरे इंजिनियरिंगला लागली. तिचा आवाज बसला आहे, ऐकत नाही. मी दोन-तीन वाचली आणि पुढची वाचवेना. मेधा म्हणाली, तुझ्याचकडे राहू देत सगळी. मी मान हलवली. अक्षरावरून बोट फिरवत राहिले आणि शेवटचा, सगळ्यात मोठा हेवा वर आला. आयुष्यात मला बाबांचं एकही पत्र आलेलं नव्हतं.

येणार कसं? मी एक दिवसही त्यांच्यापासून लांब राहिले नव्हते.